खोली लातुरात, जीव गावाकडं

प्रश्न : (पत्र बरंच मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून गोषवारा देत आहे.)

पत्र लिहिणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या, परभणी जिल्ह्यातल्या एका गावच्या. १९ वर्षांच्या मुलाची नीटची तयारी चालू आहे, त्यासाठी त्या दीड वर्षापासून लातूरच्या ट्यूशन एरियात एक खोली करून त्याच्यासोबत राहतात. मुलाचं हे रिपीटचं दुसरं वर्ष. यजमान गावी शेती बघतात. सासूबाई आणि १३ वर्षांची मुलगीही गावीच. मागच्या सहा महिन्यांपासून ताईंना पहाटे तीनला जाग येते ती परत डोळा लागत नाही. छातीत धडधडतं, भूक मेली आहे, भांडी घासता घासता रडू येतं. मुलगा तोंड उघडत नाही, टेस्टचे मार्क साडेचारशेच्या आसपास अडकलेत. यजमानांचा फोन आला की पहिला प्रश्न, "किती पडले?" ताई लिहितात, "येळवशीला (वेळ अमावास्येच्या सणाला) सगळं लातूर शेतात गेलं. बिल्डिंग रिकामी. आम्ही दोघं मायलेकरं खोलीत, तो पुस्तकात तोंड घालून अन् मी भिंतीकडं बघत. मी परत जावं का मेपर्यंत दम धरावा? मी गेले तर पोराचं वर्ष जाईल. राहिले तर माझं काय होईल ते कळंना." ताजा कलम म्हणून विचारलंय : डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते का?

उत्तर :

ताई, जावं की राहावं, हे आपण नंतर बघू. आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. खोलीभाडं, मेस, टेस्ट सिरीज असा खर्चाचा हिशोब मांडता मांडता तुम्ही मधेच लिहून गेलात, "कधी कधी वाटतं झोपावं अन् उठूच नये." आणि पुढच्या ओळीत लगेच गॅस सिलिंडरचा भाव. जणू ते वाक्य चुकून पडलं. मला ते चुकून पडलेलं वाटत नाही.

म्हणून सरळ विचारते. हा नुसता थकव्याचा सुस्कारा आहे, की जीव द्यावा असंही मनात येतं? कसा द्यायचा, कधी द्यायचा, इथपर्यंत विचार जातो का? जात असेल तर हे उत्तर वाचणं थांबवा आणि आधी बहिणीला फोन लावा. तीच बहीण, जिच्याशी तुम्ही जिन्यात बसून बोलता. तिला हेच वाक्य जसंच्या तसं सांगा आणि एकटं राहू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानसचा नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. अगदीच हाताबाहेर जातंय असं वाटलं तर ११२ लावा किंवा सरळ सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात जा. रात्रीचे दोन वाजले असले तरी जा. पोराची झोपमोड होईल म्हणून थांबू नका.

नुसता सुस्कारा असेल तरी तो कुणाला तरी कळायला हवा. हा कागद माझ्याकडं पोचेपर्यंत किती दिवस गेले असतील! माझ्याआधी बहिणीला कळलेलं बरं.

आता तुमच्या तब्येतीचं. तुम्ही लिहिता, "मला काही झालेलं नाही, इथं सगळ्याच आया असं करतात." शेजारच्या खोलीतली बाईही रडते, खालच्या मजल्यावरच्या बाईचं बीपी वाढलंय, तेव्हा आपलं काय मोठंसं, असा तुमचा सूर आहे. एका बिल्डिंगीतल्या सगळ्यांना ताप आला तर कुणी त्याला रीत म्हणत नाही, टाकीचं पाणी तपासतात. सगळ्याच आयांचं असं होत असेल तर तुमचं दुखणं त्यानं लहान होत नाही.

झोप उडणं, पहाटे लवकर जाग येऊन मन काळवंडणं, भूक जाणं, कशात रस न वाटणं, रडू येणं, जगणं नको वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज चालू असेल तर डॉक्टर त्याचा नैराश्य म्हणून विचार करतात. तुमचं सहा महिने चालू आहे. मी पत्रावरून निदान करणार नाही, ते कुणीच करू नये. पण हा स्वभावाचा दोष नाही आणि मनाचा कच्चेपणाही नाही, एवढं मी सांगू शकते. शिवाय थायरॉइड कमी असलं, रक्त कमी असलं, बी-१२ खाली गेलं असलं तरी बरंचसं असंच होतं. वयाच्या चाळिशीनंतर पाळी पुढंमागं व्हायला लागते, तेव्हाही झोप आणि मूड बिघडतात. छातीत धडधडतं म्हणताय तर एकदा ईसीजी काढलेला बरा. म्हणजे तपासणीशिवाय गत्यंतर नाही.

लातुरात हे अवघड नाही. विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात सकाळच्या ओपीडीला जा, केसपेपर काढा, "मानसोपचार विभागात दाखवायचं आहे" म्हणून सांगा. खर्च नाममात्र आहे. घरमालकिणीला सांगायची गरज नाही, मुलाच्या मित्रांच्या आयांना सांगायची गरज नाही. (या आयांचे व्हॉट्सॲप ग्रुप हा एक वेगळाच विषय आहे. रविवारी संध्याकाळी तिथं मार्कांच्या याद्या फिरतात. तो ग्रुप म्यूट करा, आजच.) जाताना एका कागदावर लिहून न्या : झोप किती, जाग कधी, कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू, पाळीचं काय, आणि ते वाक्य. डॉक्टरसमोर बसलं की आपण "तसं बरंय" म्हणून मोकळे होतो. कागद हातात असला की तसं होत नाही.

आता खोलीकडं येऊ.

"मी गेले तर पोराचं वर्ष जाईल." हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. मी ते तिन्ही ठिकाणी वाचलं आणि शोधत राहिले की हे कोण म्हणालं. मुलगा म्हणाला का? नाही. क्लासच्या सरांनी सांगितलं का? नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोरगं एकटं कसं ऱ्हाईल," आणि तुम्हाला ते पटलं. त्या वेळी तो साडेसतरा वर्षांचा होता, पहिल्यांदा घराबाहेर पडत होता, तुम्ही गेलात ते बरोबरच केलंत. पण दीड वर्ष झालं. तो आता १९ वर्षांचा आहे. मतदान करू शकतो. ही व्यवस्था त्याला आज हवी आहे का, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही.

मला त्या खोलीचं चित्र दिसतं, कारण तुम्ही ते फार नेमकं काढलंय. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत तुम्ही गॅस बंद करता, शेजारच्या पोराचा अभ्यास मोडतो म्हणून. वरण थोडं कच्चंच राहतं. फोडणी तो क्लासला गेल्यावर देता. फोनवर बोलायचं तर जिन्यात. खोकला आला तर पदर तोंडावर. आता हीच खोली मुलाच्या बाजूनं बघा. दहा बाय बाराच्या जागेत एक माणूस दिवसभर श्वास रोखून आपल्यासाठी बसलंय. त्यानं पेन खाली ठेवलं की आई बघते. मोबाइल हातात घेतला की आई बघते, बोलत काही नाही. तो संडासला गेला तरी किती वेळ लागला हे दोघांनाही कळतं. तुम्ही त्याला एक शब्द बोलत नाही, हे खरं आहे. पण अशा गप्प राहण्याचाही धाक असतो, ताई. "माझ्यासाठी आईनं घर सोडलं, बहिणीला सोडलं" हे तो ३६५ दिवस बघतोय. हे ओझं घेऊन १८० प्रश्न सोडवायचे.

मी त्यात तुमची चूक काढत नाही. ट्यूशन एरियातले ते मोठे फ्लेक्स बघा. रँकर पोरगा, मागं आईवडिलांचा फोटो, खाली त्यागाचं काव्य. मला हे फ्लेक्स आवडत नाहीत, स्पष्टच सांगते. ज्या आईचं पोरगं फ्लेक्सवर येत नाही तिनं काय कमी केलं होतं? शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या जमान्यापासून लातूर पॅटर्ननं मराठवाड्यातल्या कितीतरी साध्या घरांतून डॉक्टर-इंजिनिअर काढले, हे खरंच आहे. ज्या भागाला मुंबई-पुण्याची पोरं विचारत नव्हती तिथं हे घडलं, याचा मलाही अभिमान आहे. पण आईनं खोली करून राहणं ही त्या अभ्यासाची अट कधीच नव्हती. ती नंतर चिकटलेली गोष्ट आहे. मेसवर राहून पास झालेली पोरं आहेत, आई सोबत असून नापास झालेली आहेत, आणि दोन्हीच्या उलटही आहेत.

म्हणून त्याला विचारा. पण "मी गावाकडं जाऊ का रे?" असं विचारू नका. तो म्हणेल, "तुझी मर्जी," आणि तुम्ही त्या दोन शब्दांवर आठवडाभर झुरत बसाल. खोलीत तर विचारूच नका. रविवारी टेस्ट झाल्यावर त्याला बाहेर न्या, गंजगोलाईच्या बाजारात चक्कर मारा, काहीतरी खा. चालता चालता बोललं की पोरं जास्त बोलतात, समोरासमोर बसवलं की गप्प होतात. आधी आपली गोष्ट सांगा : "मला सहा महिने झाले झोप नाही. मी डॉक्टरला दाखवतेय. तुझ्यामुळं नाही." मग तीन पर्याय त्याच्यासमोर ठेवा. एक, मी मेपर्यंत राहीन पण दर पंधरा दिवसांनी चार दिवस गावी जाईन आणि तेव्हा तू डबा लावायचा. दोन, तू मित्रासोबत किंवा हॉस्टेलला राहायचं, मी महिन्यातून दोनदा येईन. तीन, आत्ता चालू आहे तसंच. "तुला यातलं काय झेपेल?" एवढंच विचारा आणि उत्तर लगेच मागू नका. दोन दिवस द्या.

मला स्वतःला पहिला पर्याय बरा वाटतो. परीक्षा साधारण मेच्या पहिल्या रविवारी असते, म्हणजे फार दिवस उरले नाहीत, आणि आत्ता एकदम सगळं मोडलं तर त्याला ती शिक्षा वाटू शकते. पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं की घरी राहणं गरजेचं आहे, किंवा जीव देण्याचे विचार जोरात असतील, तर मग त्याची परवानगी घ्यायची नाही. त्याला सांगून निघायचं. वर्ष पुन्हा मिळतं. नीटला किती वेळा बसावं यावर सध्या बंधन नाही आणि २०२२ पासून वयाची वरची अटही उरलेली नाही.

त्याच्याबद्दल आणखी दोन गोष्टी. तो रात्री दोनपर्यंत जागतो असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. नीटचा पेपर दुपारी दोन ते पाच असतो. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. रात्री जागून सकाळी पेंगणारं पोरगं जास्त अभ्यास करतंय असं दिसतं, मार्कांत ते उतरत नाही. साडेचारशेला अडकण्याची कारणं अनेक असतील, त्यातलं हे एक असू शकतं. निदान साडेसहा-सात तास झोप आणि दुपारी दोन ते पाच डोकं ताजं ठेवायची सवय, हे आत्तापासून बसवता येईल.

दुसरी गोष्ट अवघड आहे. तो जेवत नाही, मित्र तोडले, अंघोळीलाही कंटाळतो असं लिहून तुम्ही पुढं लिहिता, "अभ्यासाचं टेन्शन असेल." असेलही. पण त्यालाही विचारा : "तुझ्या मनात कधी मरायचे विचार येतात का?" तुम्हाला वाटेल असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. तसं होत नाही. जगभरचे मानसोपचार तज्ज्ञ हेच सांगतात की विचारल्यानं विचार रुजत नाही, उलट ज्याच्या मनात असतं त्याला सांगायला जागा मिळते. तो "हो" म्हणाला तर घाबरून रागवू नका, शपथा घालू नका, "आमचा विचार कर" म्हणू नका. "बरं झालं सांगितलंस" म्हणा आणि त्यालाही त्याच ओपीडीला घेऊन जा. परीक्षेचं नंतर बघता येतं.

क्लासकडूनही काही मागून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, त्या कोचिंग क्लासेसनाही लागू आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, मार्कांवरून पोरांच्या बॅचेस पाडू नयेत, असं त्यात आहे. तुमच्या मुलाला चांगल्या बॅचमधून काढून खालच्या बॅचला टाकलं तेव्हापासून तो गप्प झाला, हे तुम्हीच लिहिलंय. काउंटरवर जाऊन शांतपणे विचारा, "तुमच्याकडं समुपदेशक कोण आहेत? कधी भेटतात?" भांडायला जायचं नाही. पण लाखाच्या घरात फी भरणाऱ्या आईनं एवढं विचारावं.

आणि रविवारचा तो मेसेज. टेस्टचे मार्क क्लासकडून तुमच्या मोबाइलवर येतात, त्याला कळायच्या आधी तुम्हाला कळतात, आणि तो दारातून आत येतो तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर ते लिहिलेले असतात. क्लासमध्ये नंबर बदलून त्याचा द्या. त्याचे मार्क त्यानं सांगायचे, त्याला वाटेल तेव्हा.

आता यजमान. "मालकांना माझी किंमत नाही, त्यांना फक्त मार्क पायजेत," असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या बाजूनं मी वकिली करणार नाही, पण तुमच्याच पत्रातल्या काही गोष्टी एका ओळीत मांडून बघते. २०२५च्या सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात गेलं. क्लासची फी भरायला सोसायटीच्या कर्जाच्या वर आणखी हातउसने घेतले. सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलीची शाळा, सालगडी सोडून गेला. रात्री एकटे जेवतात. या माणसाला दिवसातून एक फोन करायचा असतो, आणि काय बोलावं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. "किती पडले" या प्रश्नात कर्ज फिटेल का, आपण केलं ते वाया तर जाणार नाही ना, आणि तुम्ही बऱ्या आहात ना, हे सगळं कोंबलेलं असू शकतं. असू शकतं, म्हणते. नसेलही. तुम्ही विचारल्याशिवाय कळणार नाही.

पण त्यांना कळत नाही म्हणून तुम्ही गप्प बसायचं, हेही मला मान्य नाही. त्यांना तुमच्या झोपेचं, रडण्याचं काहीच माहीत नाही. "त्यांना कशाला अजून ताप" म्हणून तुम्ही सांगितलेलं नाही. मग त्यांनी विचारलं नाही याचा राग धरता. हे दोन्ही एकदम चालणार नाही. फोनवर सांगू नका, प्रत्यक्ष सांगा. शनिवारची एसटी धरा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्ध तिकीट आहे, तेव्हा भाड्याचं कारण पुढं करू नका. मुलाला दोन दिवसांचा डबा लावा. घरी गेल्यावर रात्री, सासूबाई झोपल्यावर, थोडक्यात सांगा : "मला बरं नाही. दवाखान्यात दाखवणार आहे. मार्कांचं तुम्ही त्याच्याशी बोला, माझ्याशी माझं बोला." ते पहिल्यांदा म्हणतील, "काही नाही, टेन्शन घेऊ नको." आपल्याकडं सगळेच पुरुष तेच म्हणतात, त्यांनाही तेवढंच येतं. तिथं थांबू नका. एक ठोस काम द्या : "पंधरा दिवसांतून एकदा तुम्ही लातूरला या, दोन दिवस पोराजवळ राहा, मी इकडं येते." शेतात कामाचे दिवस असले तरी दोन दिवस निघतात. लग्नाला, तेराव्याला निघतात तसे.

बापलेक दोघं त्या खोलीत दोन दिवस राहिले तर आणखी एक होईल. पोरगं साडेचारशेवर का अडकलं ते बापाला डोळ्यानं दिसेल.

ताई, तुमच्या सात पानांत मुलीबद्दल जेमतेम तीन ओळी आहेत. "ती शहाणी आहे, काही मागत नाही. ती मोठी झाली तेव्हा मी इथं होते, आत्याबाईंनी (सासूबाईंनी) सगळं केलं." या तीन ओळींपाशी मी बराच वेळ थांबले. काही न मागणारं लेकरू घरात असलं की आपण त्याला शहाणं म्हणतो आणि आपली चिंता मागणाऱ्या लेकराकडं वळवतो. ती १३ वर्षांची आहे. पहिली पाळी आली तेव्हा आई नव्हती, याचं तुम्हाला वाईट वाटतं हे दिसतं आहे. ते वाटू द्या, पण त्याचा दंड म्हणून तिच्यापासून तोंड लपवू नका. तिला सांगा की मला तेव्हा तुझ्याजवळ असायचं होतं. मग तिला बोलू द्या. पाळीबद्दल आजीनं जे सांगितलं असेल त्यात अर्धं शिवाशिवीचं असेल, ते तुम्ही नीट करून सांगा. आणि रोज रात्री दहा मिनिटं व्हिडिओ कॉल फक्त तिच्याशी. त्यात दादाचे मार्क नाहीत, "आजीला त्रास देऊ नको" नाही. मैत्रिणींचं, शाळेचं, केसांचं. तुमच्या दिवसातला एवढा एक भाग तरी नीटच्या बाहेरचा असेल, आणि तो तिच्याइतकाच तुम्हालाही लागतो.

दादावर घरातला सगळा पैसा चाललाय हे तिला दिसतंय. तिच्या वेळी काय, हा प्रश्न तिच्या मनात असेल. त्याचं उत्तर तुमच्याकडं आत्ता तयार नसलं तरी चालेल, पण ती विचारू शकते हे तिला माहीत असू द्या.

निकालाबद्दल परीक्षेआधी बोलून ठेवा, नंतर नाही. निकालाच्या दिवशी घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. २०२५ मध्ये साधारण २२ लाख मुलांनी नीट दिली आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत, त्यातल्या सरकारी निम्म्याच्या जवळपास. हा आकडा मुलाला माहीत आहे, घरातल्या मोठ्यांना बहुतेक नाही. एमबीबीएस नाही म्हणजे आयुष्य संपलं, हे गणित घरातल्यांनी मांडलेलं असतं. त्याच मार्कांवर बीएएमएस, बीएचएमएसला प्रवेश होतात. पशुवैद्यकीयलाही नीटचेच गुण लागतात, आणि त्याची सरकारी महाविद्यालयं तुमच्या परभणीत आणि इकडं उदगीरला आहेत. फार्मसी आणि कृषीला सीईटी आहे, तिचा फॉर्म वेळेत भरायला सांगा. कृषी विद्यापीठ तर परभणीतच. शेतकऱ्याच्या पोरानं जनावरांचा डॉक्टर होणं कमीपणाचं वाटत असेल, तर दुभत्या म्हशीला रात्री ताप भरल्यावर गावात कुणाच्या दारात जातात ते आठवा. मात्र यातलं काय निवडायचं हे त्याचं. तिसऱ्यांदा रिपीट करायचं की नाही हेही त्यानंच ठरवायचं, फक्त पैशाची बाजू वडिलांनी त्याच्यापुढं खरी मांडावी. कर्जाचा आकडा लपवून "तू फक्त अभ्यास कर" म्हणणं हे प्रेम असलं तरी पोराला अंधारात ठेवणं आहे.

हेच कमीजास्त फरकानं ज्या आयांचं चाललंय, त्यांनाही सांगते. खोली करायच्या आधी मुदत ठरवा, घरी कधी जायचं ते वार ठरवा, आणि दिवसातला एखादा तास स्वतःचं काहीतरी ठेवा. भजनी मंडळ असो, शिवण असो, नुसतं चालणं असो. तुम्ही, ताई, गावी ब्लाउज शिवायच्या असं लिहिलंय. मशीन तिकडंच राहिलंय. लातुरात भाड्यानं मिळतं का बघा, पण ते खोलीत ठेवू नका, आवाजावरून परत कुकरसारखं होईल. एखाद्या टेलरच्या दुकानात दुपारचे दोन तास बसता आलं तर उत्तम.

आता ताजा कलम. नैराश्यावर डॉक्टर साधारणपणे ज्या गोळ्या देतात त्यांची दारूसारखी चटक लागत नाही. त्या घेतल्याबरोबर गुण येत नाही, साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिले काही दिवस मळमळ, डोकं जड वाटणं असं होऊ शकतं, त्याला घाबरून सोडू नका, डॉक्टरला विचारा. पण उतरण्याऐवजी बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार जास्त यायला लागले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. बरं वाटलं की लगेच बंद करायच्या नसतात. बरं वाटल्यावरही सहसा सहा महिने तरी चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. सोबत समुपदेशन मिळालं तर आणखी चांगलं.

मात्र झोपेच्या गोळ्यांचं वेगळं आहे. मेडिकलवाल्यानं "अर्धी घेत जा, काही होत नाही" म्हणून चिठ्ठीशिवाय दिलेली जी पट्टी तुमच्या उशीखाली आहे, तसल्या काही गोळ्यांची सवय खरोखर लागते. ती पट्टी आधी उशीखालून काढा. मनात असे विचार येत असताना गोळ्यांचा साठा हाताशी ठेवायचा नसतो, बाकीच्या गोळ्या बहीण येईल तेव्हा तिच्याकडं द्या. दवाखान्यात जाताना पट्टी सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा, किती दिवसांपासून घेताय ते खरं सांगा. रोज घेत असाल तर मनानं एकदम बंद करू नका, कशी कमी करायची ते तेच सांगतील.